दोन डोळ्यांचा पहारा

आमच्या मराठी वाङ्मयावर तुरुंगाचे ऋण मोठे आहे. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या बंदिवासात लिहिले गेले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती तेथेच उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. हे तीनही ग्रंथ ज्याच्या फडताळात नाहीत असे सुशिक्षित मराठी घर शोधावयास बरेच हिंडावे लागेल. परंतु ज्या माणसाच्या कमरेला त्या कोठड्यांच्या किल्ल्या होत्या, त्याच्याविषयी हे वाङ्मय जवळजवळ मुके आहे. धुळ्यास दर रविवारी विनोबा बोलत असता एखादा शिपाई दाराशी उभा असलाच पाहिजे. स्थितप्रज्ञाची लक्षणे त्याच्याही कानांवर पडली असतील. त्याला ती कशी वाटली, आपल्या पहाऱ्याची वेळ केव्हा संपते इकडेच त्याचे लक्ष होते काय, घरी गेल्यावर त्याने बायकोजवळ काही सांगितले काय, हे कोणी विचारले नाही. बंदीवानाला लेखणी होती; पहारेकऱ्याला नव्हती. आणि ज्याच्या हाती लेखणी, त्याचाच तुरुंग वाङ्मयात यावयाचा, हे उघड आहे.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, आणि तो पुस्तकात नसून पडद्यावर आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा बोलपट आम्ही परवा पुन्हा पाहिला. भाषा हिंदी खरी. पण कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे, आणि ज्या घटनेवर तो बेतला आहे ती माणदेशातली, म्हणून आम्ही त्यास मराठी कृतींच्या पंक्तीस बसवावयास संकोचत नाही. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास मिळाले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. आणि त्यातील प्रार्थना तर शाळाशाळांतून आजही मुले म्हणतात, ती कोठून आली हे ठाऊक नसताही. इतक्या स्तुतीनंतर आणखी स्तुती करण्यात स्वारस्य नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तुरुंगाधिकाऱ्यास नायक करणारी ही जवळजवळ एकमेव कृती. तिने तरी त्या अधिकाऱ्याकडे पाहिले आहे काय?

कथा बहुतेकांस ठाऊक असल्याने थोडक्यात सांगतो. आदिनाथ नावाचा एक तरुण तुरुंगाधिकारी खुनाच्या अपराधाखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा भयंकर कैद्यांस तुरुंगाबाहेर काढून एका ओसाड माळावर नेतो. तेथे भिंत नाही, बेडी नाही. माळ फोडून ते शेत करतात, भाजी पिकवतात, बाजारात स्वस्त विकतात. त्यामुळे बाजारातल्या दलालांचे पोट दुखू लागते. मध्येच पळून जाण्याचा मोह कैद्यांस होतो. पण अधिकाऱ्याच्या डोळ्यांची आठवण त्यांस परत ओढून आणते. शेवटी शत्रूंनी शेतावर सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरतो, आणि त्याचे डोळे मात्र त्या सहाजणांवर राहतात. खेळणी विकणारी चंपा मधूनमधून गाणी म्हणत येते जाते. संध्याबाईंचे काम प्रसन्न आहे. पण ती नसती तरी कथेचे काही अडले नसते.

ही कथा आकाशातून पडलेली नाही. औंध हे साताऱ्याकडील एक लहान संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता आणि आटपाडीचा महाल त्यातलाच एक तुटक, पावसाने टाकून दिलेला तुकडा होता. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्या कामी त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते यांचा मोठा हात होता. हे फ्रीडमन म्हणजे विलक्षण गृहस्थ. यंत्रविद्येत निष्णात, बंगळूरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, पुढे भारतानंद हे नाव धारण केलेले, आणि उत्तरायुष्यात मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचविणारे ते हेच. त्यांच्याच प्रेरणेने त्याच १९३९ साली आटपाडीजवळ बंदीवानांची एक मोकळी वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर. या वसाहतीचा विशेष असा की तेथे बंदीवान जमीन कसतो आणि आपल्या बायकामुलांसह राहतो. संस्थान १९४८ साली विलीन झाले. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात आहे. पण स्वतंत्रपूर नाहीसे झाले नाही. राज्याच्या तुरुंगखात्याने ते पुढे चालविले. माडगूळकर त्याच मुलखातले. शेटफळ्यास जन्मलेल्या, माडगुळ्यास वाढलेल्या आणि औंधास शिकलेल्या कवीने ही वसाहत ऐकून सोडणे शक्यच नव्हते.

आता चित्रपटाने या वास्तवात कोणते फेरफार केले ते पाहू. कारण कलावंताने काय घेतले यापेक्षा त्याने काय टाकले यावरून त्याचे मन अधिक कळते.

पहिला फेरफार कैद्यांच्या निवडीत आहे. खुल्या कारागृहात पाठविण्याची सर्वत्र रीत अशी की बंदीवानाने काही काळ बंद तुरुंगात काढलेला असावा, त्याचे वर्तन चांगले असावे, तो पळून जाईल अशी भीती नसावी. आदिनाथ याच्या नेमके उलट करतो. तो सर्वांत क्रूर तेच निवडतो. नाट्याच्या दृष्टीने हे योग्यच. वाघ पिंजऱ्याबाहेर काढल्याविना खेळ रंगत नाही. दुसरा फेरफार कुटुंबाचा. चित्रातील सहाजण त्या माळावर बहुतांशी बायकामुलांविना राहतात, म्हणून त्यांस बांधून ठेवावयास अधिकाऱ्याच्या डोळ्यांखेरीज दुसरे काही उरत नाही. स्वतंत्रपुरातला बंदीवान पळून जात नाही याची कारणे साधी आहेत. पोराबाळांचा संसार डोळ्यांसमोर आहे. उभे पीक आहे. नीट वागल्यास शिक्षेत अधिक सूट आहे. आणि न वागल्यास पुन्हा उंच भिंतीआड जाण्याची धास्ती आहे. यात अध्यात्म नाही. पण शेतात राबणाऱ्या कोणत्याही माणसास जी कारणे घरी परत आणतात त्यांहून ही कारणे निराळी नाहीत, आणि आमच्या दृष्टीने या प्रयोगाचे खरे मोठेपण येथेच आहे. खुनी मनुष्यही इतरांसारख्याच कारणांनी घरी परततो, हे त्याने दाखविले. चित्रपटाने ही कारणे एकेक करून बाजूस सारली आणि त्यांच्या जागी दोन डोळे ठेवले.

या डोळ्यांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. पडदाभर पसरलेले ते डोळे शांतारामबापूंचे स्वतःचे आहेत, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांनी त्यांचा वापर अतिशय परिणामकारक केला आहे, यात शंका नाही. काळ्यापांढऱ्या छायेत कैदी मान वळवतो आणि जेथे जेथे पाहतो तेथे तेथे तीच नजर! याच चित्राच्या वेळी बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांस पडून राहावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्या अंधारातून पुढे ‘नवरंग’ सुचला असे म्हणतात. असो. कलेच्या दृष्टीने डोळ्यांची ही योजना निर्दोष मानली, तरी विचाराच्या दृष्टीने तिने आम्हांस अस्वस्थ केले. भिंत काढली आणि तिच्या जागी नजर उभी केली, तर कैदी मोकळा झाला, की त्याची भिंत त्याच्या मनात नेऊन बांधली? बाहेरच्या भिंतीवरून निदान रात्री उडी मारता येते.

हा प्रश्न केवळ शहरातल्या टीकाकाराने काढलेला काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. म्हणून तो निराळ्या ठिकाणाहून विचारून पाहू. माणदेशाइतकाच अवर्षणाशी झगडणारा दुसरा मुलूख म्हणजे बीड जिल्हा. बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाली म्हणून गाव आहे. जवळच बिंदुसरेचा तलाव, आणि सभोवती बालाघाटाच्या उघड्या, खडकाळ टेकड्या. आझादनगरचा तो माळ पडद्यावर पाहताना आम्हांस याच टेकड्या आठवल्या. अशा गावच्या शेतकऱ्याने हे चित्र फिरत्या तंबूत पाहिले, तर त्यास काय वाटेल? नांगरटीनंतर मेघ जमून येतात आणि सहाही जण चंपेबरोबर नाचू लागतात, तेथे तो बहुधा हसेल. वाद्यवृंदाच्या ठेक्यावर पाऊस पडतो हा अनुभव त्याच्या गाठी नाही. बाजारात भाजी स्वस्त विकल्याबद्दल दलाल मारावयास धावतात, तेथे मात्र तो गंभीर होईल. तो प्रसंग त्यास कोणी समजावून सांगावयास नको. आणि डोळ्यांच्या प्रसंगी? बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीस पश्चिमेकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत उसाच्या फडात राबावयाचे आणि कोपीत राहावयाचे. तेथेही भिंत नाही, बेडी नाही, चारी दिशांस मोकळे रान आहे. तरी कोणी सहसा निघून जात नाही, कारण मुकादमाची नजर आणि वहीतला आकडा पाठीशी असतो. मोकळ्या रानात मनुष्य मोकळा असतोच असे नाही, हे त्या शेतकऱ्यास आमच्याहून चांगले कळते. आदिनाथाचे डोळे आणि मुकादमाचे डोळे यांत भेद काय, असे त्याने विचारले तर चित्रपट एकच उत्तर देऊ शकतो: आदिनाथाच्या डोळ्यांत माया आहे. उत्तर खोटे नाही. परंतु आपल्यावर माया आहे की नाही हे ज्याच्यावर पहारा आहे त्याने ठरवावयाचे असते. आणि या चित्रात त्या सहाजणांस बोलावयास फारसे दिलेले नाही. त्यांस हात आहेत. शीर्षकातही हातच आहेत. डोळे अधिकाऱ्याचे, हात कैद्यांचे! ही वाटणी कोणी केली, असे विचारण्याचा हक्क प्रेक्षकास आहे.

येथे आम्हांस एक जुने पुस्तक आठवले, आणि त्याने विचारास वेगळेच वळण लागले. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली प्रसिद्ध झाली. त्यातील अंदमानच्या तुरुंगाचा आयरिश दारोगा बारी हा मराठी वाचकांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. आमच्या तुरुंगवाङ्मयात खऱ्या अर्थाने उभा राहिलेला अधिकारी हा एवढाच. स्वर्गात एक ईश्वर असेल, पण पोर्ट ब्लेअरचा ईश्वर आपण, अशी त्याची घमेंड. कोलूचे तेल, नारळाचा काथ्या, त्याच्या छडीखालचे ते जग सावरकरांनी अशा त्वेषाने रंगविले आहे की बारीचा लठ्ठपणासुद्धा वाचकाच्या अंगावर येतो. त्या वर्णनात आणखी एक गोष्ट आहे, तिकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. बंदीवानांवर प्रत्यक्ष हुकमत चालविणारे वॉर्डर, जमादार आणि पेटी अफसर हे बहुतेक स्वतःच शिक्षा भोगणारे असत. कैद्यावर कैदीच नेमलेला. सरकारला पगार वाचला आणि जुलूमही फुकट मिळाला. बारी एकटा काय करू शकला असता? त्याचे ईश्वरत्व या बिल्लेवाल्या कैद्यांच्या खांद्यांवर उभे होते.

बारी आणि आदिनाथ यांच्याहून अधिक विरुद्ध अशी माणसे कल्पिता येणार नाहीत. एक छळतो, दुसरा तारतो. तरी दोन्ही कृती लागोपाठ मनात आणल्या की एक विलक्षण साम्य दिसते. बारी स्वतःस देव म्हणवितो. आदिनाथ म्हणवीत नाही, पण चित्रपट त्यास देव करतो. नावच आदिनाथ, म्हणजे नाथपंथीयांचा मूळ शिव आणि जैनांचा पहिला तीर्थंकर. तो सर्वत्र पाहतो, सर्व क्षमा करतो, भक्तांसाठी देह ठेवतो आणि देहांतानंतरही पाहतच राहतो. तुरुंगाधिकारी म्हटला की आमच्या कलेस एक तर असुर सुचतो, नाही तर देव. महिनाअखेर पगार घेणारा, बदलीच्या हुकमास भिणारा, कधी चांगला वागणारा आणि कधी थकलेला असा मनुष्य तिला सुचत नाही.

याचे आम्हांस अधिक वाईट वाटते, कारण याच दिग्दर्शकाने असा मनुष्य एकदा दाखविला होता, आणि योगायोग असा की स्वतंत्रपूर वसले त्याच १९३९ साली. प्रभातचा ‘माणूस’ आमच्या पिढीने वारंवार पाहिला आहे. त्यातील गणपत हा पोलीस शिपाई. शाहू मोडकांनी तो किती साधेपणाने उभा केला! जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडतो, वेश्या मैना त्याच्या नजरेस पडते, आणि कायद्याच्या पट्ट्यात आवळलेला हा सरळ गडी तिच्यात गुंतत जातो. घरी आई आहे, अंगावर सरकारी पोशाख आहे, लोक काय म्हणतील ही भीती आहे. तो मैनेचा उद्धार करावयास निघतो, पण त्याचे बळ अपुरे पडते. आणि शेवटी मैना खुनाच्या आरोपाखाली कोठडीत असता तिला सोडविण्याची त्याची सिद्धता तीच नाकारते. शांता हुबळीकरांचा तो नकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांस आमचे म्हणणे लगेच कळेल. तेथे गजांच्या एका बाजूस शिपाई आहे, दुसऱ्या बाजूस कैदी आहे, आणि ‘नाही’ म्हणण्याची शक्ती कैद्यापाशी आहे. गणपताचे डोळे कोणास वश करीत नाहीत. उलट त्यांत गोंधळ आहे, लाज आहे, प्रेम आहे. पोशाखातला मनुष्य उद्धारकर्ता न होताही नायक होऊ शकतो, हे ज्या दिग्दर्शकाने १९३९ साली दाखविले, त्यानेच अठरा वर्षांनी तो मनुष्य पुतळ्याच्या उंचीस नेला. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, आणि नव्या राष्ट्रास पुतळ्यांची हौस फार होती, हे कारण असेल. आम्ही त्यास दोष देतो असे नाही. पण ‘माणूस’ अधिक थोर कृती आहे, हे आमचे मत आम्ही लपवीत नाही.

दुसरा दाखला माडगूळकरांच्या घरातलाच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली, म्हणजे या चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी प्रसिद्ध झाली. मुलूख तोच, संस्थान तेच. तरुण मास्तर नेमणुकीचा कागद घेऊन धनगरांच्या वाडीत येतो. शाळा आहे, मुले नाहीत. तो हळूहळू त्या लोकांत मिसळतो, तालीम उभी करतो, राजेसाहेब वाडीला येऊन जातात. आणि मग दुष्काळ पडतो व वाडी उठते. सरकारी चाकर दूरच्या ओसाड जागी गेला म्हणजे त्याचे काय होते, हे या लहान पुस्तकात जितके खरे आले आहे तितके आमच्या भाषेत दुसरीकडे आढळत नाही. मास्तर वाडीला वाचवू शकत नाही, आणि वाचविण्यासाठी मरतही नाही. तो पाहतो. पण त्याचे पाहणे आदिनाथाच्या पाहण्याहून किती वेगळे! आदिनाथ पाहतो तेव्हा समोरचा बदलतो. मास्तर पाहतो तेव्हा मास्तर बदलतो. थोरल्या भावाने तुरुंगाधिकाऱ्याची कथा रचण्यापूर्वी धाकट्याच्या मास्तराशी दोन घटका बोलून घेतले असते तर! हे आमचे मनोराज्य झाले. पण टीकाकारास मनोराज्याची थोडी मोकळीक असावी.

कोणी म्हणेल, हे रूपक आहे. रूपकास पगारपत्रक मागणे अरसिकपणाचे. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. त्या चित्राने हजारो प्रेक्षकांच्या मनात कैद्याविषयी कणव उत्पन्न केली, आणि ती एखाद्या शंभर पानी अहवालाने झाली नसती. परंतु रूपकाचीही किंमत कोणास तरी द्यावी लागते, आणि ती येथे खऱ्या तुरुंगाधिकाऱ्याने दिली आहे. चित्रगृहातून बाहेर पडणारा सद्गृहस्थ डोळे पुसत म्हणतो, ‘असा एखादा महात्मा हवा!’ आणि शासन तेच वाक्य निराळ्या सुरात म्हणते: असे महात्मे आमच्यापाशी नाहीत, तेव्हा भिंतीच बऱ्या. खरी गोष्ट अशी आहे की स्वतंत्रपूर ऐंशीहून अधिक वर्षे टिकले, ते एका आदिनाथावर नव्हे. बदलीने आलेल्या, बदलीने गेलेल्या, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा साध्या चाकरांवर ते टिकले. उत्तर प्रदेशात १९५२ साली डॉक्टर संपूर्णानंदांच्या पुढाकाराने चंद्रप्रभा नदीच्या बांधकामावर कैद्यांची मोकळी शिबिरे निघाली. आमच्याकडे येरवड्यास, आणि पालीच्या त्या शेतकऱ्यास फार दूर नाही अशा गोदाकाठच्या पैठणास, खुली कारागृहे चालली आहेत. यांतली कोणतीही जागा चालवावयास कोणी बैलाच्या शिंगांवर मरावे लागले नाही.

मरावे लागले नाही, पण जोखीम होती. आणि चित्रपटाने बैल आणले नसते तर ही खरी जोखीम त्यास दिसली असती. १८६०च्या भारतीय दंडविधानात २२३वे कलम होते. ज्या सरकारी चाकराच्या ताब्यातील बंदीवान त्याच्या हयगयीमुळे पळून जाईल, त्या चाकरास दोन वर्षांपर्यंत साधी कैद सांगितली होती. ते दंडविधान २०२४ साली पालटले, पण हे तत्त्व नव्या कायद्यानेही टाकले नाही. म्हणजे काय ते नीट ध्यानी घ्यावे. भिंतीआडच्या पहारेकऱ्यास निदान भिंतीचा आधार आहे. माळावरच्या अधिकाऱ्यास तोही नाही. तो ज्या माणसावर विश्वास टाकतो, त्या माणसाच्या पायांत त्याची स्वतःची नोकरी, निवृत्तिवेतन, प्रसंगी मोकळीकही अडकलेली आहे. रात्री मोजणीत एक डोके कमी भरले, तर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तोच उभा. पहारेकरी आणि कैदी यांचे असे एकमेकांत गुंतलेले नशीब ही केवढी नाट्यमय वस्तू! कैद्याने विश्वास राखणे म्हणजे केवळ स्वतः सुधारणे नव्हे, तर समोरच्या माणसाच्या मुलांच्या तोंडचा घास राखणे. आणि हे दोघांनाही ठाऊक असते. या बाजूने पाहिले असता दोघांचेही डोळे आणि दोघांचेही हात कथेत आले असते. शांतारामबापूंच्या हातून ती वस्तू निसटली याचे आम्हांस जितके वाईट वाटते, तितकेच आश्चर्य याचे वाटते की त्यानंतर इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणा मराठी लेखकाने तिला हात घातलेला आमच्या पाहण्यात नाही.

दूरच्या तुरुंगाविषयी आणखी एक. १९३२च्या चळवळीत कित्येक सत्याग्रही नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, विसापूरच्या तुरुंगात ठेवले होते. शहरापासून दूर, उघड्या रानातला हा तुरुंग सत्याग्रह्यांस शिक्षा वाटावा यात नवल नाही. पण सत्याग्रही सुटून घरी गेले, त्यांस हारतुरे मिळाले, काहींनी आठवणी लिहिल्या. त्याच रानात त्यांच्या आधी होते आणि नंतरही राहिले ते शिपाई, हवालदार आणि त्यांच्या चाळीतल्या बायका. त्यांनी कोणताही अपराध केला नव्हता, आणि कोणतीही चळवळही केली नव्हती. कैद्याच्या शिक्षेस मुदत लिहिलेली असते. त्यांची मुदत पेन्शनीपर्यंत. या माणसांस साधू करावयाचे कारण नाही, आणि त्यांतल्या पुष्कळांनी लाच घेतली असेल, हात उगारला असेल, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्याविषयी कोणी कधी नीट लिहिले नाही, त्याच्याकडून सुधारणेची अपेक्षा मात्र सगळे करतात, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाही.

‘दो आँखें बारह हाथ’ संपतो तेव्हा सहा माणसे प्रार्थना म्हणत शेताकडे वळतात आणि वर आकाशात ते दोन डोळे. आम्ही दिवे लागल्यावरही थोडा वेळ बसून राहिलो, आणि आमच्या मनात भलतीच गोष्ट सुरू झाली. आदिनाथाची जागा रिकामी झाली, तेव्हा सरकारने ती भरली असणारच. आठ-पंधरा दिवसांत एस. टी. त्या माळाच्या फाट्यावर थांबली असेल. एक मध्यम वयाचा अधिकारी ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरला असेल. मागून त्याची बायको, कडेवर मूल. त्याच्या डोळ्यांत काही विशेष नाही. कदाचित चष्मा आहे. बायको चहूकडे पाहून विचारते, ‘अहो, शाळा किती लांब आहे इथून?’ आणि झोपडीपाशी उभे असलेले सहाजण हातातली कुदळ खाली ठेवून त्या दोघांकडे पाहू लागतात.